साखळी, पट्टा की शाफ्ट? दुचाकीच्या मागच्या चाकापर्यंत शक्ती पोहोचते कशी

सुरत शहरालगत पलसाणा तालुक्यात चलथाण नावाचे गाव आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि उधना-जळगाव लोहमार्ग हे दोन्ही या गावाजवळून जातात. गावात सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर लागते आणि त्या रांगेच्या कडेने दुचाक्या वाट काढत असतात. यांतल्या अनेक दुचाक्या मराठी घरांतल्या असतात. सुरतच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आहेत. दिवाळीला किंवा आखाजीला गावी जायचे म्हणजे बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूर गाठायचे आणि तिथून पुढे नंदुरबार किंवा धुळे. चलथाणपासून नवापूरपर्यंतचे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. पुढे मूल, मागे पत्नी, बाजूला पिशव्या आणि खाली शंभर-सव्वाशे सीसीची मोटरसायकल, असा हा प्रवास असतो.

या प्रवासात इंजिन बंद पडेल, पेट्रोल संपेल, टायर पंक्चर होईल, याची धास्ती प्रत्येकाला असते. इंजिनाची शक्ती मागच्या चाकापर्यंत नेणाऱ्या दुव्याचा विचार मात्र तो तुटेपर्यंत फारसा कोणी करत नाही. हा दुवा तीन प्रकारचा असतो: साखळी, पट्टा किंवा शाफ्ट. गोव्यात साखळी म्हटले की डिचोली तालुक्यातील शहर आठवते. गॅरेजात मात्र तिला सर्वत्र ‘चेन’च म्हणतात. या लेखात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत.

गंमत अशी, की हे तीनही प्रकार एका छपराखाली पाहायचे असतील तर साखर कारखान्यासारखी जागा नाही. धारबांदोड्याच्या संजीवनी कारखान्याचे गाळप काही वर्षांपासून थांबले असले, तरी गव्हाण आणि मोळी हे शब्द गोमंतकीय वाचकाला परके नाहीत. गव्हाणीत पडलेला ऊस वर ओढून नेणाऱ्या पोलादी पट्ट्या जाडजूड साखळ्यांना जोडलेल्या असतात, कारण तिथे भार मोठा असतो, तो धक्क्याधक्क्याने येतो आणि आसपास माती व चिपाड असते. तयार झालेली कोरडी साखर रबरी पट्ट्यावरून जाते, कारण तिथे वंगणाचा थेंबही चालत नाही. रस काढणाऱ्या लाटांना मात्र दातेरी चक्रे आणि जाड दांडे फिरवतात, कारण तिथे प्रचंड जोर संथपणे आणि अखंड लावावा लागतो. काम पाहून साधन निवडायचे, हा तिथला नियम आहे. दुचाकीलाही तोच लागू पडतो.

शेवटच्या टप्प्याचे काम

इंजिनाचा दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाताना मागचे चाक मात्र मिनिटाला जेमतेम साडेचारशे फेरे घेते. म्हणजे वाटेत कुठेतरी वेग कमी करून जोर वाढवावा लागतो. यातला काही भाग क्लचपाशी, काही गिअरपेटीत आणि उरलेला शेवटच्या टप्प्यात होतो. गिअरपेटीतून बाहेर येणारे लहान दातेरी चाक आणि मागच्या चाकावरचे मोठे दातेरी चाक, म्हणजेच पुढचे व मागचे स्प्रॉकेट, यांच्यातील प्रमाण हाच तो टप्पा. पुढे १४ आणि मागे ४२ दाते असतील तर पुढचे चाक तीनदा फिरते तेव्हा मागचे एकदा फिरते.

या टप्प्याला आणखी एक अडचण सोडवावी लागते. मागचे चाक खड्ड्यात खाली जाते, उंचवट्यावर वर येते. इंजिन मात्र चौकटीला घट्ट बसवलेले असते. दोघांतील अंतर आणि कोन सतत किंचित बदलत असताना शक्ती अखंड पोहोचवायची असते. साखळी, पट्टा आणि शाफ्ट ही एकाच प्रश्नाची तीन उत्तरे आहेत.

साखळी: स्वस्त, चिवट, पण रोजची काळजी मागणारी

आज आपण पाहतो ती रोलर साखळी मूळचे स्विस असलेले अभियंते हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे विकसित केली. सुरुवातीच्या अनेक मोटरसायकलींना चामड्याचे पट्टे असत. ते पावसात घसरत आणि चढावर दम सोडत. साखळीने त्यांची जागा घेतली आणि शंभर वर्षांनंतरही ती टिकवली. आज भारतातील रस्त्यांवर धावणाऱ्या बहुसंख्य मोटरसायकली साखळीवरच चालतात. शंभर सीसीची कम्युटर असो वा बुलेट, मागे चेनच असते.

कारणे साधी आहेत. चांगल्या स्थितीतील, वंगण दिलेली साखळी फारच थोडी शक्ती वाया घालवते. शंभरातील सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग ती चाकापर्यंत पोहोचवू शकते. ती हलकी असते, धक्के सोसते आणि स्वस्त असते. लहान मोटरसायकलीचा पूर्ण ‘चेन सेट’, म्हणजे साखळी आणि दोन्ही स्प्रॉकेटे, साधारण हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळतो. गावातील कोणताही मॅकेनिक तो तासाभरात बदलून देतो. चढाच्या प्रदेशात राहणाऱ्याला किंवा महामार्गावर धावणाऱ्याला स्प्रॉकेटचे दाते कमीअधिक करून गाडीचा स्वभावही बदलता येतो. वरच्या उदाहरणात पुढे १४ ऐवजी १५ दाते बसवले, तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे सात टक्क्यांनी उतरतात. चढावरचा जोर मात्र तेवढाच घटतो.

साखळी ‘ताणली गेली’ असे आपण म्हणतो. वास्तविक पोलाद ताणले जात नाही, झिजतात त्या आतल्या पिना आणि बुश. लहान मोटरसायकलींच्या ४२८ क्रमांकाच्या साखळीत दोन पिनांमधील अंतर १२.७ मिलिमीटर असते. प्रत्येक सांध्यात एक दशांश मिलिमीटर झीज झाली, तरी शंभर सांध्यांची मिळून साखळी एक सेंटिमीटरने लांबते. मग तिचे सांधे दातांच्या खाचेत नीट बसत नाहीत, दाते अणकुचीदार आणि वाकडे होतात, आणि झीज दुप्पट वेगाने वाढते. म्हणून जुन्या स्प्रॉकेटवर नवी साखळी किंवा जुन्या साखळीबरोबर नवे स्प्रॉकेट बसवणे हा खोटा काटकसरीपणा आहे. तिन्ही वस्तू एकदम बदलाव्यात.

झीज घरी तपासता येते. ताठ ओढलेल्या साखळीचे वीस सांधे मोजले तर नव्या ४२८ साखळीत ते २५४ मिलिमीटर भरतात. तेच माप २५९ च्या आसपास गेले, म्हणजे लांबी दोन टक्क्यांनी वाढली, तर साखळीचे दिवस भरले. मोजपट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला साखळी बोटांनी मागे ओढून पाहावी. अर्धा दात उघडा पडत असेल, तर निष्कर्ष तोच.

ढिलेपणाची गोष्ट निराळी. साखळी थोडी सैल असणे आवश्यकच आहे, कारण मागचे चाक वरखाली होताना दोन स्प्रॉकेटांमधील अंतर बदलते. खालच्या बाजूच्या मध्यावर बोटाने वरखाली केली असता साधारण २० ते ३० मिलिमीटर हालचाल बहुतेक लहान गाड्यांना चालते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा मागच्या दुहेरी दांड्यावरील चिकटपत्रात दिलेला असतो. ‘आवाज येतो’ म्हणून चेन तारेसारखी घट्ट करून घेणारे अनेक जण आहेत. अशाने गिअरपेटीच्या दांड्यावरचे बेअरिंग खराब होते आणि हजाराचा खर्च वाचवण्याच्या नादात इंजिन उघडावे लागते. साखळी सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवून सर्वांत घट्ट लागणाऱ्या जागीच माप घ्यावे.

बोटे आणि पदर

साखळीबाबत दोन धोके जिवाशी गाठ घालणारे आहेत.

पहिला धोका साफसफाईचा. गाडी मधल्या स्टँडवर चढवून, इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या साखळीला फडके लावण्याची सवय अनेकांना असते. फडक्याचा धागा दातात अडकतो आणि बोटे स्प्रॉकेटमध्ये ओढली जातात. हात मागे घेण्याइतका वेळ मिळत नाही. साखळी साफ करताना इंजिन बंदच हवे, गाडी न्यूट्रलमध्ये हवी आणि चाक हाताने फिरवायला हवे. या नियमाला अपवाद नाही.

दुसरा धोका मागे बसणाऱ्या व्यक्तीचा. साडीचा पदर, ओढणी, रेनकोटची झूल किंवा मुलाचा पाय उघड्या साखळीत आणि चाकात ओढला जाऊ शकतो. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरण्याची सोय, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक आवरण असणे बंधनकारक आहे. ‘साडीगार्ड’ म्हणतात ते हेच. गाडी देखणी दिसावी म्हणून ते काढून टाकणारे तरुण मागे बसणाऱ्या आईला किंवा बहिणीला कोणत्या धोक्यात घालतात, याचा विचार करत नाहीत.

जुन्या येझदीवर किंवा शंभर सीसीच्या हिरो होंडावर साखळीला पूर्ण पत्र्याची पेटी असे. ती पेटी पदर वाचवत असे आणि धूळ व पाणीही साखळीपासून दूर ठेवत असे. पूर्ण आवरणातील साखळी उघड्या साखळीपेक्षा कितीतरी अधिक टिकते. आजच्या अनेक गाड्यांवर वरच्या बाजूला केवळ प्लास्टिकची पट्टी उरली आहे. रोजच्या वापरासाठी गाडी घेताना चेनकव्हर पूर्ण आहे की अर्धे, हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा.

पट्टा: दोन वेगळ्या गोष्टींचे एकच नाव

पट्ट्याच्या बाबतीत आधी एक गैरसमज दूर करायला हवा. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये ‘बेल्ट’ असतो, हे सर्वांना माहीत आहे. १९८० च्या दशकात कायनेटिक होंडाने ही रचना भारतीय घरांत रुजवली आणि आज ॲक्टिव्हासारख्या स्कूटरींमुळे ती गोव्याच्या वाड्यावाड्यावर पोहोचली आहे. हा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा रबरी पट्टा गिअरपेटीचे काम करतो. दोन टोकांच्या कप्प्यांचा व्यास वेगानुसार बदलत जातो, म्हणून गिअर टाकावा लागत नाही. तिथून चाकापर्यंतचा शेवटचा टप्पा तेलात बुडालेली दातेरी चक्रे पार पाडतात. हा पट्टा बंद पेटीत असतो, पण खोल पाण्यातून गाडी घातली आणि पेटीत पाणी शिरले तर तो कप्प्यांवर घसरतो. इंजिन ओरडते, गाडी पुढे सरकत नाही. पाणी सुकल्यावर तो पुन्हा पकड घेतो, तरी अशा प्रसंगानंतर पेटी उघडून पाहून घेणे शहाणपणाचे.

या लेखाचा विषय असलेला पट्टा वेगळा. तो गिअरपेटी किंवा मोटर आणि मागचे चाक यांना थेट जोडतो. त्याच्या आतल्या बाजूला दाते असतात आणि आत ॲरामिड किंवा कार्बन तंतूंच्या दोऱ्या गुंफलेल्या असतात. हार्ले-डेव्हिडसनने १९८० मध्ये ‘स्टर्जिस’ या गाडीवर असा पट्टा आणला आणि पुढे तो त्या कंपनीची ओळखच बनला. २०१४ मध्ये भारतात विक्रीस आलेल्या स्ट्रीट ७५० वरही तो होता. हीरो मोटोकॉर्पसोबत २०२३ मध्ये आणलेल्या एक्स ४४० वर मात्र त्याच कंपनीने साखळी निवडली. गाडीची किंमत खाली आणायची झाली की साखळीकडे वळावे लागते, असाच याचा अर्थ दिसतो.

पट्ट्याचे गुण रोज जाणवणारे आहेत. तेल लागत नाही, म्हणून चाकावर आणि पँटवर काळे शिंतोडे उडत नाहीत. आवाज अगदी कमी असतो. गंज चढत नाही, ही गोष्ट समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत महत्त्वाची. वारंवार ताण जुळवावा लागत नाही आणि आयुष्य साधारणपणे साखळीहून बरेच जास्त असते. या शांत स्वभावामुळेच विजेच्या दुचाक्यांनी त्याला जवळ केले. एथर ४५० मध्ये पट्टा आहे, रिव्होल्ट आरव्ही ४०० मध्येही तो आहे. ओला एस १ च्या आधीच्या पिढ्यांत पट्टा होता. २०२५ च्या आरंभी आलेल्या तिसऱ्या पिढीत कंपनीने साखळी घेतली. अल्ट्राव्हायोलेट एफ ७७ साखळीवरच चालते. म्हणजे नव्या युगाची गाडी म्हणून पट्टाच हवा, असा काही नियम नाही.

पट्ट्याचे दोष क्वचित, पण मोठ्या प्रसंगी जाणवतात. खडी टाकलेल्या रस्त्यावर एखादा टोकदार खडा पट्टा आणि कप्पीच्या मध्ये सापडला, तर तो पट्ट्याला भोक पाडू शकतो. बाहेरून एवढीशी दिसणारी ती जखम आतल्या तंतूंपर्यंत गेलेली असते. नवा पट्टा हाताळताना तीव्र कोनात मुडपला, तरी तंतू तुटतात. पट्टा अखंड असतो, त्याला साखळीसारखी जोडकडी नसते. त्यामुळे तो बदलण्यासाठी अनेक गाड्यांचा मागचा दुहेरी दांडा सोडवावा लागतो. वाटेत तुटला तर नाक्यावरच्या गॅरेजात तो मिळत नाही, नेमक्या त्याच मापाचा मागवावा लागतो. मागचे चाक किंचित तिरके बसले असेल, तर पट्टा एका कडेने खात जातो. त्याला तेल लावणे हा उपाय नाही. तेलाने तो बिघडतो. कोरड्या फडक्याने पुसणे, दातांत अडकलेले खडे काढणे आणि कडांना तडे गेले आहेत का ते पाहणे, एवढीच त्याची सेवा.

शाफ्ट: विसरून जाण्याजोगा, पण महाग

शाफ्टची कल्पना मोटारगाडीतून ओळखीची आहे. गिअरपेटीतून निघालेला पोलादी दांडा नळीच्या आतून मागच्या चाकापर्यंत जातो. चाकाच्या वरखाली होण्यासाठी त्याला सर्व दिशांना वळणारा सांधा असतो. टोकाला शंकूच्या आकाराची दोन दातेरी चक्रे त्याचे फिरणे काटकोनात वळवून चाकाला देतात. हे सारे तेलाच्या बंद पेटीत चालते. बेल्जियमच्या एफएन कंपनीने १९०५ मध्ये चार सिलिंडरच्या मोटरसायकलवर शाफ्ट वापरला. १९२३ मध्ये बीएमडब्ल्यूची पहिली मोटरसायकल आर ३२ शाफ्टसह आली आणि ती परंपरा त्या कंपनीच्या मोठ्या बॉक्सर गाड्यांवर आजही सुरू आहे. होंडा गोल्ड विंगला १९७५ पासून शाफ्ट आहे.

बीएमडब्ल्यूला हे सोपे गेले, याचे कारण इंजिनाच्या मांडणीत आहे. तिच्या बॉक्सर इंजिनाचा दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने असतो, त्यामुळे शक्तीला फक्त मागच्या चाकापाशी एकदाच काटकोनात वळावे लागते. आपल्या नेहमीच्या मोटरसायकलींत इंजिनाचा दांडा आडवा असतो. तिथे शाफ्ट बसवायचा तर शक्ती दोनदा वळवावी लागेल आणि प्रत्येक वळणावर ती थोडी वाया जाईल. आठ-नऊ अश्वशक्तीच्या गाडीला तो तोटा आणि ते वजन परवडत नाही. भारतात रोजच्या वापराच्या मोटरसायकलींवर शाफ्ट दिसत नाही, याचे उत्तर इथे आहे. बीएमडब्ल्यूच्याच नावाने होसूरला टीव्हीएसच्या कारखान्यात तयार होणाऱ्या जी ३१० मालिकेतील गाड्यांनाही साखळीच आहे.

शाफ्टला धूळ लागत नाही, पाणी लागत नाही, पदर अडकत नाही. ठरावीक काळाने टोकाच्या पेटीतील तेल बदलायचे, एवढेच काम. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांना तो यासाठीच आवडतो. पण मागच्या चाकापाशी त्याचे वजन वाढते आणि खड्ड्यांत ते जाणवते. जुन्या शाफ्टच्या गाड्या वेग वाढवताना मागून उचलल्यासारख्या होत. १९८० च्या दशकात बीएमडब्ल्यूने मागच्या दांड्याची रचना बदलून हा दोष बराच आटोक्यात आणला. शाफ्ट सहसा बिघडत नाही, पण बिघडला तर खर्च मोठा असतो. तेल गळणारे सील, घरघरणारे बेअरिंग किंवा चाक हाताने हलवले असता जाणवणारा सैलपणा या खुणांकडे दुर्लक्ष केल्यास बिल लाखाच्या घरात जाऊ शकते, आणि काम अधिकृत केंद्रातच करावे लागते.

विस्मरणात गेलेली चौथी वाट

महाराष्ट्र आणि गोव्यातील जुन्या पिढीला आणखी एक रचना ठाऊक आहे. पुण्याजवळ आकुर्डीत तयार होणाऱ्या बजाज चेतकला साखळी नव्हती, पट्टा नव्हता आणि शाफ्टही नव्हता. व्हेस्पाच्या धर्तीवर तिचे इंजिन मागच्या चाकाशेजारीच बसवलेले असे आणि दातेरी चक्रे थेट चाक फिरवत. त्यामुळे साखळीची कटकटच नव्हती. पण सारे वजन एका बाजूला झुकत असे. तिची प्रतिस्पर्धी लॅम्ब्रेटा आरंभी शाफ्टवर चालत असे. पुढच्या मॉडेलांत तिने तेलाच्या बंद पेटीतली साखळी स्वीकारली. आज टीव्हीएस आयक्यूबसारख्या विजेच्या स्कूटरीत मोटर चाकाच्या तुंब्यातच असते. तिथे दुवाच उरत नाही. मधला दुवा काढून टाकण्याची चेतकची युक्ती अशी नव्या रूपात परत आली आहे.

तीन कसोट्या

तिन्ही प्रकारांची तुलना करताना ‘सर्वांत चांगला कोणता’ हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत.

सेवा किती आणि कोण करणार? साखळीला थोडी पण वारंवार सेवा लागते, पट्ट्याला फक्त नजर लागते, शाफ्टला क्वचित तेल लागते. जो माणूस आठवड्यातून दहा मिनिटे देणार नाही, त्याने उघड्या साखळीची गाडी घेताना विचार करावा.

बिघाडाची सूचना किती आधी मिळते? इथे साखळी सर्वांत प्रामाणिक आहे. ती सैल होते, खडखडते, दाते वाकडे करते, झटके देते. आठवडे आधी सांगते. पट्टा बाहेरून धडधाकट दिसत असताना आतून तुटलेला असू शकतो. शाफ्ट गळतीने आणि घरघरीने सूचना देतो, पण ती ओळखायला जाणता कान लागतो. साखळीच्या सूचना ऐकल्या नाहीत, तर मात्र परिणाम भयंकर होऊ शकतो. वेगात तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटभोवती गुंडाळली जाऊन इंजिनाची पेटी फोडू शकते किंवा मागचे चाक जागीच जखडू शकते.

बिघडलेच तर दुरुस्ती कुठे होणार? साखळी सोनगडच्या रस्त्यावर, केपेच्या बाजारात किंवा पेडण्याच्या नाक्यावर बसवून मिळते. पट्टा शहरात मिळतो. शाफ्टसाठी गाडी ट्रकवर चढवावी लागते.

गोव्याच्या पावसात

गोव्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात तांबड्या मातीचा चिखल, किनाऱ्यावर खारा वारा, आणि चोर्ला व अनमोडचे घाट. साखळीला याहून कठीण परीक्षा नाही. पावसाचे पाणी वंगण धुऊन नेते आणि माती घासपेपरसारखी सांध्यांत शिरते. पाऊस थांबून उन्हाचा दिवस आला, की दुसऱ्याच सकाळी साखळीवर तांबूस गंज दिसू लागतो.

हा त्रास सर्वाधिक भोगतो तो मोटरसायकल पायलट. पिवळ्या-काळ्या गाडीवर प्रवासी नेऊन पोट भरणारा हा व्यावसायिक गोव्याची खास ओळख आहे. त्याची गाडी गॅरेजात गेली, की त्या दिवसाची मिळकत गेली. दिवसाला सत्तर किलोमीटर फिरणाऱ्याचे पाचशे किलोमीटर जवळपास एका आठवड्यात होतात. साखळीला वंगण देण्याचा सर्वसाधारण टप्पाही एवढाच आहे. म्हणून त्याने किलोमीटर मोजत बसण्याऐवजी वार ठरवावा. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा.

पद्धतही महत्त्वाची. वंगण सकाळी निघताना देऊ नये, संध्याकाळी गाडी लावल्यावर द्यावे. साखळी कोमट असते, तेल सांध्यांत उतरते आणि रात्रभरात मुरते. सकाळी दिलेले तेल पहिल्याच किलोमीटरमध्ये चाकावर उडते. आधी केरोसिनमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने चिखल काढावा, पुसून कोरडे करावे आणि मग ९० क्रमांकाचे गिअर ऑइल किंवा चेनसाठीचा स्प्रे साखळीच्या आतल्या बाजूला द्यावा. उरलेले तेल फडक्याने टिपून घ्यावे, नाहीतर त्यावर माती चिकटते. सांध्यांत रबरी कड्या असलेल्या साखळीला पेट्रोल लावू नये, त्या कड्या खराब होतात. जळके इंजिन ऑइल फुकट मिळते म्हणून वापरण्याची रीत आहे, पण त्यातले काजळीचे कण साखळी झिजवतात.

नवी साखळी बसवून घेताना एक बारीक गोष्ट स्वतः पाहावी. जोडकडीवरच्या क्लिपचे बंद तोंड साखळी धावते त्या दिशेला हवे. उलटी बसवलेली क्लिप एखाद्या फांदीला किंवा दगडाला लागून निसटू शकते आणि मग साखळी रस्त्यावर पडते. मागचे चाक सरळ बसले आहे का, हे दोन्ही बाजूंच्या खुणांवरून तपासावे.

मग निवड कशी करावी? रोज कामावर जाणाऱ्या, मागे कुटुंब बसवणाऱ्या आणि गाडीची दुरुस्ती गावातच करून घेणाऱ्या माणसाला पूर्ण आवरणातील साखळी आजही सर्वांत योग्य आहे. शहरापुरते फिरणाऱ्या आणि हात काळे करण्याचा कंटाळा असलेल्या व्यक्तीला गिअर नसलेली स्कूटर किंवा पट्ट्यावर चालणारी विजेची गाडी सोयीची ठरेल, मात्र पट्टा किती किलोमीटरनंतर बदलावा लागेल आणि तो जवळच्या केंद्रात मिळतो का, हे आधी विचारून घ्यावे. शाफ्ट लांब पल्ल्याच्या मोठ्या गाडीची चैन आहे आणि ती परवडणाऱ्याने जरूर करावी. पर्यटक म्हणून दुचाकी भाड्याने घेणाऱ्याने ब्रेक तपासतो तसाच साखळीवरही एक हात फिरवावा, अर्थात इंजिन बंद असताना.

गाळपाचा हंगाम सुरू होण्याआधी साखर कारखान्यात साखळ्या उतरवून तपासल्या जातात, झिजलेले दुवे बदलले जातात आणि मगच गव्हाणीत पहिली मोळी पडते. हंगामात गव्हाण थांबली तर बाहेर उभ्या असलेल्या साऱ्या ट्रॉल्या थांबतात, हे तिथल्या कामगाराला ठाऊक असते. आपल्या अंगणातल्या दुचाकीचा हंगाम मृगाच्या पहिल्या सरीबरोबर सुरू होतो. त्याआधीचा एक रविवार, एक ब्रश, थोडे केरोसिन आणि पावभर तेल एवढे पुरे आहे.